बापाला भाव नाही, पोराला मत नाही



कांदा, कापूस, आंबा सोडून या अंकात वाकोल्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. वाकोला मुंबईत, सांताक्रूझच्या पूर्वेला, हमरस्त्याला लागून आहे. तिथे कॉटबेसिसवर, एकेका खोलीत पाच-सहा जण मिळून, शेतकऱ्यांची पोरे राहतात. सिंधुदुर्गाची, रत्नागिरीची, रायगडची, आणि आता बीड-लातूरकडचीही. डबा लावायचा, महिन्याच्या शेवटी तोही अर्धा करायचा, आणि चालत कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीत जायचे, असा त्यांचा दिवस.

महसुली दप्तरात कलिन्याच्या या गावाचे नाव कोलेकल्याण. वाकोला-कलिन्याला एके काळी भातशेती होती. शेत गेले, गाव शहराच्या पोटात गेले, आणि आता लांबच्या शेतकऱ्याचे पोरगे तिथे भाडे भरून शिकते. याबद्दल आमची तक्रार नाही. पोराने शिकावे, मुंबईला जाऊन शिकावे, आणि पोरीने तर त्याच्याआधी जावे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्या विद्यापीठाची फी आम्ही भरतो त्याच्या कारभारात आमच्या पोराला मत किती? याचे उत्तर शून्य आहे. आणि हे शून्य आपोआप पडलेले नाही, ते पाडलेले आहे.

कोकणातला बागाईतदार आंब्याची पेटी वाशीच्या बाजारात पाठवतो. पट्टी येईल तेव्हा त्याला भाव कळतो. त्याचा मुलगा कलिन्याला परीक्षा देतो. निकाल लागेल तेव्हा त्याला मार्क कळतात. पट्टी चुकली तर बापाने अडत्याच्या पाया पडायचे, मार्क चुकले तर पोराने खिडकीपुढे उभे राहायचे. माल आमचा, पैसा आमचा, आणि हिशेब मात्र त्यांचा. बाजार समिती आणि विद्यापीठ ही दोन वेगळी दुखणी आहेत असे कोणी समजू नये. दोन्हीचे मूळ एक आहे. ज्याच्या जिवावर संस्था चालते त्याला तिथे मत नाही.

एकाच वर्षी दोघांना मिळाले

२०१७ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी राज्य सरकारने बाजार समितीच्या निवडणुकीत शेतकऱ्याला थेट मत दिले. किमान दहा गुंठे जमीन आणि पाच वर्षांत किमान तीनदा त्या बाजारात विकलेला माल, एवढी अट. तोपर्यंत शेतकऱ्यांच्या नावाने मत देत होते सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य. त्यांना गाडीत घालून सहलीला न्यायचे आणि मतदानाच्या दिवशी परत आणायचे, हा धंदा गावोगाव सर्वांना ठाऊक आहे. सोलापूर, बार्शीकडे २०१८ मध्ये शेतकऱ्याने थेट मत टाकलेही. २०१९ च्या अखेरीस नवे सरकार आले आणि त्याने २०२० मध्ये ते मत काढून घेतले. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलले, पुन्हा मत देण्याची घोषणा झाली. देणारेही तेच, काढणारेही तेच. शेतकऱ्याने फक्त टाळ्या कधी वाजवायच्या ते विचारायचे.

त्याच २०१७ च्या मार्च महिन्यात महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ लागू झाला. त्यात महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गातला एक प्रतिनिधी विद्यार्थ्यांनी थेट मतदानाने निवडायचा असे लिहिले आहे. वर्गाचा प्रतिनिधीही वर्गानेच निवडायचा. महाविद्यालयांच्या परिषदांतून विद्यापीठाची परिषद उभी राहायची, आणि तिचे अध्यक्ष व सचिव विद्यापीठाच्या सिनेटमध्ये बसायचे. कायदा वाचून आम्हांला आनंद झाला होता. कागद चांगला होता.

पुढे काय झाले? २०१९ च्या पावसाळ्यात निवडणुकीची तयारी सुरू झाली. सांगली-कोल्हापूरला महापूर आला, पाठोपाठ विधानसभेची निवडणूक आली, आणि विद्यार्थ्यांची निवडणूक पुढे ढकलली गेली. २०२० मध्ये साथ आली. साथ कारण म्हणून खरी होती, पण साथ गेली, वर्ग भरले, परीक्षा झाल्या, फी वसूल झाली. २०२४ मध्ये लोकसभा झाली, विधानसभा झाली. विद्यार्थ्यांची मतपेटी काही माळ्यावरून खाली उतरली नाही. या काळात मंत्रालयात सगळ्या रंगांची सरकारे येऊन गेली. या एका बाबतीत त्यांच्यात कधी भांडण झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मार्कांवर पुढारी

त्याआधीचा इतिहासही तरुण कार्यकर्त्यांना ठाऊक असावा. महाराष्ट्रात पूर्वी महाविद्यालयांत निवडणुका होत. त्यांत पैसा शिरला, पक्ष शिरले, गुंड शिरले. १९८९ मध्ये मुंबईत या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. एका घरचा मुलगा गेला, ही गोष्ट आम्ही हलकी मानत नाही. पण सरकारने त्यावर उपाय कोणता केला? १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणूकच काढून टाकली. मागच्या परीक्षेत ज्याला सर्वांत जास्त मार्क, तो वर्गाचा प्रतिनिधी. खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, एनसीसी, एनएसएस यांचे प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमायचे. या नेमलेल्यांनी आपल्यातला एक सचिव निवडायचा.

त्यातली गंमत पाहा. १९८९ हेच ते वर्ष, ज्या वर्षी देशात मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. म्हणजे अठरा वर्षांचा मुलगा देशाचा पंतप्रधान कोण व्हावा हे ठरवायला शहाणा, आणि आपल्या वर्गाचा प्रतिनिधी कोण व्हावा हे ठरवायला खुळा! एकविसाव्या वर्षी तो गावचा सरपंच होऊ शकतो, तालुक्याच्या गटविकास अधिकाऱ्याला जाब विचारू शकतो. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीबद्दल मात्र त्याने अर्ज करून गप्प बसायचे.

मार्कांवर प्रतिनिधी नेमण्यात मोठी शास्त्रीय दृष्टी आहे असे त्या वेळी सांगितले गेले. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे आहोत, म्हणून शास्त्रापुरते बोलतो. संशोधन केंद्राच्या वाफ्यात पाणी वेळेवर, खत मापात, फवारणी वेळापत्रकाने. तिथे पहिला आलेला वाण कोरडवाहू रानात टिकेलच असे कोणताही पैदासकार सांगत नाही. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या घ्याव्या लागतात, शेतकऱ्याच्या बांधावर न्यावे लागते, आणि शेवटी शेतकरी पुढच्या वर्षी ते बियाणे पुन्हा मागतो की नाही यावर वाण ठरतो. पुढारीपणाचेही तसेच आहे. पहिला येणारा मुलगा गुणी असेल, पण चारशे पोरांच्या वतीने प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरून "हे चालणार नाही" म्हणण्याची परीक्षा त्याने दिलेली नसते. ती परीक्षा मतदार घेतात, आणि दर वर्षी घेतात. ज्याला प्राचार्यांनी नेमले तो प्राचार्यांकडे पाहून बोलणार, हे सांगायला कोणत्याही पदवीची गरज नाही.

मत नसले की काय होते

मत नसल्याने कोणाचे काय अडले, असे विचारणाऱ्यांना २०१७ चे निकाल दाखवा. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. कल्पना वाईट नव्हती. पण तयारी नसताना, ऐन परीक्षांच्या हंगामात, लाखो उत्तरपत्रिकांवर एकदम हा प्रयोग झाला. नवे यंत्र आणले तर आधी एका गुंठ्यावर चालवून पाहावे एवढे शहाणपण आमच्या निरक्षर आजीला होते. निकाल अडकले. कुलपती, म्हणजे तेव्हाचे राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती टळली. पोरांचे पुढचे प्रवेश लटकले. शेवटी २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केले गेले.

कुलगुरू गेले, पण ज्यांचे वर्ष गेले त्यांचे काय? मुंबई विद्यापीठाचा पसारा मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत, सात जिल्ह्यांचा. सावंतवाडीच्या मुलाला निकालाचा घोळ विचारायचा तर पाचशे किलोमीटर यावे लागते, एक दिवसाची मजुरी नव्हे तर आठवड्याची घालवावी लागते. त्या उन्हाळ्यात त्याच्या वतीने जाब विचारायला थेट निवडून आलेली विद्यार्थी परिषद नव्हती. नव्या कायद्यातल्या पदवीधरांच्या सिनेट निवडणुकाही पुढे २०१८ च्या मार्चमध्ये झाल्या. म्हणजे निर्णय घेणारे सगळे होते, आणि विचारणारे कोणी नव्हते. आधी विचारणारा असता तर नंतर काढून टाकण्याची वेळ आली नसती, असे आमचे म्हणणे आहे.

पदवीधरांची सिनेट निवडणूक तरी सुखाने होते का? २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विद्यापीठाने ती जाहीर केली आणि काही दिवसांतच स्थगित केली. २०२४ मध्ये २२ सप्टेंबर ही तारीख ठरली, आणि दोन दिवस उरले असताना पुन्हा स्थगिती आली. उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा २४ सप्टेंबरला मतदान झाले. दहा जागा, आणि मतदार तेरा हजारांच्या आसपास. सात जिल्ह्यांत लाखोंनी विद्यार्थी शिकत असताना तेरा हजार पदवीधरांची निवडणूकही सरकारला जड जाते, तर लाखो विद्यार्थ्यांची का नकोशी वाटते ते वेगळे सांगायला नको. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच बसला होता. निवडणूक नको असली की कारण सापडते. पूर, साथ, आरक्षण, यादी. कारणांचा दुष्काळ आमच्या राज्यात कधी पडत नाही.

आणि हे फक्त निकालापुरते नाही. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांतल्या मुलांना परीक्षा शुल्क माफ असते. किती महाविद्यालये ते आधी घेतात आणि मग परतीसाठी हेलपाटे घालायला लावतात, हे गावागावांतल्या पालकांना विचारा. २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. तरीही पैसे मागितल्याच्या तक्रारी आल्या, आणि मंत्र्यांना महाविद्यालयांना तंबी द्यावी लागली. मंत्र्याची तंबी वर्तमानपत्रात एक दिवस टिकते. त्याच इमारतीत रोज येणारी, मुलींनी मते देऊन निवडलेली महिला प्रतिनिधी वर्षभर टिकते. २०२३ च्या जूनमध्ये मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. गावाकडून पोरीला शहरात धाडणाऱ्या प्रत्येक आईच्या काळजात त्या दिवशी चर्र झाले. वसतिगृहाचा दरवाजा, दिवा, रखवालदार यांबद्दल मुलींचे म्हणणे ऐकणे ज्याला बंधनकारक आहे असा कोणी पाहिजे की नको?

विरोधकांची तीन बोटे

पहिले बोट हाणामारीकडे दाखवतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत डोकी फुटतात, सहकारी कारखान्याच्या निवडणुकीत काठ्या निघतात, विधानसभेला तर पोलिसांच्या तुकड्या लागतात. म्हणून विधानसभा मार्कांवर भरायची असे अजून कोणी सुचवलेले नाही. तण माजले तर खुरपणी करतात, पीक उपटत नाहीत. आणि खुरपे तयार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि २००६ मध्ये न्यायालयाने तिच्या शिफारशी लागू केल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांपर्यंत. छापील भित्तीपत्रके बंद, हाताने लिहिलेली चालतील. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सारे दहा दिवसांत. उमेदवाराला ७५ टक्के हजेरी, गुन्ह्याची पार्श्वभूमी नको, पक्षांपासून अंतर. हे नियम पाळून घेणे सरकारला जमत नसेल तर दोष नियम पाळून घेणाऱ्याचा आहे, मत मागणाऱ्याचा नाही.

दुसरे बोट म्हणते, शिक्षणात राजकारण येईल. येईल? १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत संस्था कोणाच्या झाल्या? आमदाराची एक, माजी मंत्र्याची दुसरी, व्याह्याची तिसरी. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटमधल्या पदवीधरांच्या दहाही जागा २०१८ मध्ये आणि २०२४ मध्ये एकाच पक्षाच्या युवक संघटनेने जिंकल्या. संस्थाचालक राजकारणी, सिनेटला पक्षाचे पॅनेल, आणि राजकारण वर्ज्य फक्त फी भरणाऱ्याला! याला सोवळे म्हणत नाहीत, मक्तेदारी म्हणतात. निवडणुकीतून नवा, बिनवारशाचा पुढारी तयार होतो, ही त्यांची खरी भीती आहे. ज्याच्या मागे कारखाना नाही, बँक नाही, आडनाव नाही, असा पोरगा चारशे मते घेऊन उभा राहिला तर उद्या तो तालुक्यात उभा राहील, आणि राजपुत्रांच्या रांगेत घुसेल.

तिसरे बोट म्हणते, अभ्यास बुडेल. दहा दिवसांत बुडेल असा अभ्यास आधीच बुडालेला असतो. २०१७ मध्ये निकालाची वाट पाहण्यात किती महिने गेले, त्याचा हिशेब आधी द्यावा.

आमच्या गरजेची गोष्ट

आता एक बोट आपल्यातूनही उठते. हे शहरातल्या पोरांचे प्रकरण, शेतकरी संघटनेचे यात काय? त्यांनी इतिहास पाहावा. १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात खानावळीचे बिल वाढले म्हणून विद्यार्थी भडकले. बघता बघता नवनिर्माण आंदोलन उभे राहिले, आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना जावे लागले. विद्यार्थ्यांची ताकद एवढी असते. पण घोषणा कशाच्या होत्या? स्वस्ताईच्या. खाणाऱ्याची कळ दिसली, पिकवणाऱ्याची नाही. विद्यार्थ्यांचे पुढारीपण फक्त खाणाऱ्यांच्या पोरांकडे राहिले, तर उद्याही कांदा महागला की तो निर्यातबंदी मागेल. पिकवणाऱ्याचे पोर त्या परिषदेत बसले, तर खानावळीचे बिल आणि शेतमालाचा भाव या दोन्हींच्या मध्ये बसून खाणारा कोण, हे ते बरोबर सांगेल.

आणि आपल्याला उसना इतिहास आणायला नको. विदर्भाला कृषी विद्यापीठ पाहिजे म्हणून १९६७ मध्ये जांबुवंतराव धोटे यांच्या पुढारीपणाखाली माणसे रस्त्यावर आली, गोळीबारात बळी गेले, तेव्हा १९६९ मध्ये अकोल्याला विद्यापीठ मिळाले. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात पोरे स्वतः राबून, स्वतः रांधून शिकली. विद्यार्थ्याला कारभार कळत नाही हे म्हणणे त्या मातीला शोभत नाही.

कोणाच्या पॅनेलचे झेंडे नाचवायला संघटनेने यात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या नावाचेही पॅनेल नको. मत पोराचे, उमेदवार पोरांचा, हिशेब पोरांना. आपण फक्त मतपेटी माळ्यावरून उतरवायला भाग पाडायचे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे पुढील ठराव ठेवीत आहोत.

१. २०१६ च्या कायद्याप्रमाणे विद्यार्थी परिषदांच्या थेट निवडणुका प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत व्हाव्यात. पुढे ढकलायच्या झाल्यास नवी तारीख त्याच आदेशात असावी. तारखेशिवाय स्थगिती नको.

२. खर्च, मुदत, हजेरी याबाबत लिंगडोह समितीचे नियम कडकपणे लावावेत.

३. चारही कृषी विद्यापीठांचा कायदा वेगळा आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथेही विद्यार्थ्यांना थेट मत मिळावे.

४. फीमाफी, परीक्षा शुल्कमाफी आणि शिष्यवृत्तीची यादी प्रत्येक महाविद्यालयाने फळ्यावर लावावी आणि निवडून आलेल्या परिषदेपुढे ठेवावी.

५. बाजार समितीत माल विकणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला थेट मत मिळावे, आणि ते सरकार बदलले म्हणून काढता येऊ नये.

पाचवा ठराव यात कसा, असे बैठकीत कोणी विचारलेच तर वाशीची पट्टी आणि कलिन्याची मार्कलिस्ट शेजारी ठेवून दाखवा. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी बैठकीला येताना आपल्या भागातले निदान दोन महाविद्यालयीन विद्यार्थी आणि दोन विद्यार्थिनी सोबत आणाव्यात. ठराव त्यांनी मांडायचा आहे. आपण अनुमोदन द्यायचे आहे.